पाहुण्यांची यादी आणि वाढदिवसाचा हिशेब

बेताचे उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या मासिक अंदाजपत्रकात मुलाच्या वाढदिवसाला सहसा स्वतंत्र रकाना नसतो. तो खर्च किराणा, भेटवस्तू आणि किरकोळ अशा निरनिराळ्या रकान्यांत विखुरला जातो आणि एकूण आकडा किती झाला हे समारंभ आटोपल्यावर, बहुधा पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ध्यानात येते. या खर्चाला आवर कसा घालावा हा प्रश्न दिसायला स्वयंपाकघराचा असला, तरी त्याचे मूळ सामाजिक देवाणघेवाणीत आहे, असे पुढील संवादातून दिसावे. संवादाचा घाट स्वीकारण्याचे कारण इतकेच, की काटकसरीवरचे लेखन फार लवकर उपदेशाकडे घसरते, आणि ज्याच्या खिशाला खरोखर चटका बसणार आहे असा कोणी समोर बसून शंका काढत असला, तर उपदेश करणाऱ्याला थोडा तरी धाक राहतो.

संवादातील काकू डोंबिवलीतील एका गृहनिर्माण संस्थेत राहतात. माध्यमिक शाळेत गृहशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या असून, घरखर्चाची शिस्त हा त्यांचा आवडता आणि कधी कधी ऐकणाऱ्याला दमवणारा विषय आहे. दुसरी व्यक्ती त्याच इमारतीत दोन खोल्यांच्या घरात राहणारा एक तरुण पिता असून त्याच्या मुलीला पाच वर्षे पूर्ण होत आहेत. पंधरा मुलांना बोलवावे, इमारतीचा छोटा हॉल घ्यावा आणि सर्व काही चार हजार रुपयांत भागवावे, असा त्याचा बेत आहे.

काकूंनी पहिला प्रश्न केकविषयी किंवा जागेविषयी न विचारता माणसांविषयी विचारला. पंधरा मुले म्हणजे प्रत्यक्षात किती माणसे, असे त्यांनी विचारताच तरुणाने “पंधराच” असे उत्तर दिले आणि त्यावर त्याला पहिली बोलणी बसली. “अरे, पाच वर्षांचं पोर एकटं येतं होय? त्याच्याबरोबर आई येते, आईच्या कडेवर धाकटं येतं, आणि हॉल आहे म्हटल्यावर आजीही येते.” पंधरा मुलांच्या आमंत्रणातून पस्तीस ताटे उभी राहतात, हे त्यांनी मोजून दाखवले: पंधरा मुले, त्यांच्या सोबतीला बारा मोठी माणसे आणि आठ धाकटी भावंडे.

येथे गृहशास्त्रातील एक साधा भेद उपयोगी पडतो. कोणत्याही समारंभाच्या खर्चाचे दोन भाग असतात. जो खर्च पाहुणे दहा आले काय आणि चाळीस आले काय, तेवढाच राहतो तो स्थिर खर्च. सजावट आणि हॉलचे भाडे त्यात मोडतात. जो खर्च दरडोई वाढत जातो तो चल खर्च. खाणे, परतभेट आणि बऱ्याच अंशी केकचे वजन हे त्याचे घटक होत. समजा, ताट एकशेवीस रुपयांना पडले, परतभेट शंभराची ठेवली आणि ती पंधरा मुलांबरोबर आठ भावंडांनाही द्यावी लागली, तर ताटांचे 4,200 आणि भेटींचे 2,300 रुपये होतात. त्यात दोन किलोंच्या केकचे 1,600, सजावटीचे 1,500 आणि हॉलचे 2,000 मिळवले की बेरीज 11,600 रुपयांवर जाते. हे दर गावागणिक बदलतील, परंतु प्रमाण फारसे बदलणार नाही: या रकमेतील 8,100 रुपये, म्हणजे सुमारे सत्तर टक्के, डोक्यांच्या संख्येने ठरलेले आहेत. म्हणून फुगे कमी लावणे किंवा स्वस्तातला केकवाला शोधणे या उपायांनी फारसे काही साधत नाही. यादी लहान केल्याशिवाय चार हजारांत समारंभ बसत नाही.

तरुणाने आकडे मान्य केले, पण त्याची अडचण निराळी होती. मुलीला गेल्या वर्षभरात ज्या घरांनी बोलावले, त्यांना वगळायचे कसे? प्रत्येक ठिकाणाहून ती काहीतरी घेऊन आली आहे, कुठे कंपास पेटी, कुठे पाण्याची बाटली. तेव्हा त्यांना बोलावणे आणि निदान तेवढ्याच तोलाचे काही देणे हे कर्तव्य ठरते. काकूंनी हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवण्यास सांगितले, आणि त्या केकविषयी बोलू लागल्या.

मध्यमवर्गीय मराठी घरांत वाढदिवसाचा मूळ विधी औक्षणाचा आहे. सकाळी तेल लावून न्हाऊ घालायचे, पाटावर बसवून कुंकू-अक्षता लावायच्या, सुपारी आणि सोन्याच्या अंगठीने ओवाळून मग निरांजन ओवाळायचे, हातावर गोड ठेवायचे आणि जेवणात एखादे पक्वान्न करायचे, एवढाच त्याचा विस्तार असतो. अनेक घरांत तो तिथीने होत असे आणि काही घरांत आजही होतो. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्यामुळे तिथी इंग्रजी तारखेच्या मानाने दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे ढकलली जाते, म्हणून तिथी आणि तारीख बहुतेक वर्षी वेगवेगळ्या दिवशी येतात. काकूंच्या मते काटकसर करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे: आजी-आजोबा, आत्या, मामा या घरच्या माणसांना तिथीच्या दिवशी औक्षणाला आणि साध्या जेवणाला बोलवावे, आणि मुलांचा कार्यक्रम तारखेच्या जवळच्या शनिवारी किंवा रविवारी, फक्त मुलांपुरता, वेगळा करावा. मोठी माणसे आणि मुले एकाच वेळी आली की जेवण मोठ्यांच्या मानाने करावे लागते, सजावट मोठ्यांना दिसावी म्हणून करावी लागते आणि मुले मात्र खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढीत राहतात.

मेणबत्त्यांचा केक हा यापेक्षा निराळ्या मुलखातला पाहुणा आहे. जर्मनीत अठराव्या शतकात तो रूढ असल्याच्या नोंदी आहेत. दिवा फुंकून विझवणे आपल्याकडे अशुभ मानत असल्यामुळे जुन्या पिढीचा मेणबत्त्यांना विरोध असे. काकूंचा विरोध मात्र आरोग्याच्या बाजूचा आहे. 2017 मध्ये अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठाच्या संशोधकांनी मेणबत्त्या फुंकल्यावर केकच्या वरच्या थरातील जीवाणूंची संख्या किती वाढते हे मोजले आणि ती सरासरीने सुमारे पंधरापट झाल्याचे आढळले. निरोगी मुलांत यामुळे घाबरण्यासारखे फारसे काही नाही हे काकूंना ठाऊक आहे, परंतु हा आकडा सांगण्याची संधी त्या सहसा सोडत नाहीत. तरुणाने मान डोलावली आणि “मेणबत्ती एका वाटीत लावू” असे म्हणून विषय संपवला.

केक घरी करावा की नाही, याविषयी काकूंचे मत अपेक्षेइतके कडवे नाही. घरी करायचा तर रसायनशास्त्राचा एक नियम पाळावा लागतो. दह्यातील आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तयार होतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी केक फुगतो. ही क्रिया मिश्रण कालवताच सुरू होत असल्यामुळे ते ताटकळत ठेवले तर वायू निघून जातो आणि केक दडदडीत होतो. म्हणून भांडे आधी तापवून ठेवावे आणि मिश्रण लगेच आत घालावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर पसरून, त्यावर स्टँड ठेवून, झाकण घालून मंद आचेवर केक भाजता येतो. कुकर वापरायचा झाल्यास तो जुना असावा आणि त्याची शिट्टी व रबर काढून ठेवावी, हे त्यांनी दोनदा बजावले. मात्र ज्याने हा प्रयोग कधी केलेला नाही त्याने तो वाढदिवसाच्या सकाळी प्रथमच करू नये, बेकरीतून साधा एक किलोचा केक आणावा, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. एक किलोत दहा-बारा मुलांचे सहज भागते. साखरेच्या लगद्याचे जाड आवरण घालून किल्ला, गाडी किंवा बाहुली घडवलेल्या केकवर मात्र त्यांचा राग आहे, कारण त्यातील कारागिरीची किंमत वजनाच्या दरात मिसळलेली असते आणि मुले ते आवरण सोलून बशीच्या कडेला ठेवतात.

यानंतर काकू सजावटीकडे वळल्या आणि तेथे त्यांचा जुना विषय निघाला. केंद्र सरकारच्या नियमांनुसार 1 जुलै 2022 पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आहे, त्यांची यादी वाचली तर ती वाढदिवसाच्या सामानाची यादी वाटावी: फुग्याच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरचे पातळ आवरण आणि शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ फलकसुद्धा. महाराष्ट्राने तर 2018 मध्येच स्वतःची बंदी आणली होती. तरीही या वस्तू उघड विकल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी इमारतीच्या कचऱ्याच्या पिंपात सापडतात, ही काकूंची तक्रार असून त्यासाठी त्यांनी आपल्या संस्थेच्या दोन वार्षिक सभा गाजवल्या आहेत. तरुणाने घड्याळाकडे पाहिले. हे पाहून काकूंनी विषय आवरता घेतला, परंतु दोन सूचना सोडल्या नाहीत. पहिली अशी, की हवेत तरंगणारे फुगे घेऊच नयेत: हेलियम महाग असतो, म्हणून रस्त्यावरच्या स्वस्त फुग्यांत बहुधा हायड्रोजन भरलेला असतो, आणि हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. दुसरी सूचना फेसाच्या फवाऱ्याची. या डब्यांतील फेस बाहेर ढकलणारा वायू ज्वालाग्राही असू शकतो आणि तो फवारण्याची वेळ नेमकी मेणबत्ती पेटलेली असतानाची असते. साड्यांच्या किंवा ओढण्यांच्या पडद्यावर कागदी पताका आणि तोंडाने फुगवलेले वीस-पंचवीस फुगे एवढी सजावट दोनशे रुपयांत होते. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे ताबडतोब उचलावेत, कारण लहान मुले ते तोंडात घालतात आणि रबर घशाला चिकटून श्वास कोंडतो.

“ते सगळं ठीक, काकू,” तरुण म्हणाला, “पण परतभेटीचं काय?”

या प्रश्नाला आता बगल देणे शक्य नव्हते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखवले, की अनेक समाजांत भेट ही वरकरणी ऐच्छिक असली तरी तिच्यामागे तीन बंधने असतात: द्यावे लागते, घ्यावे लागते आणि परत करावे लागते. महाराष्ट्रातील लग्नघरांना हे कोणी शिकवण्याची गरज नाही. कोणी किती आहेर केला याची वही लिहिण्याची रीत जुनी आहे आणि त्या घरी कार्य निघाले की तीच वही उघडून तोलामोलाचा आहेर ठरवला जातो. पिएर बुर्द्यू या नंतरच्या समाजशास्त्रज्ञाने त्यात एक महत्त्वाची भर घातली: भेट आणि तिची परतफेड यांच्यात काळ जावा लागतो, कारण घेतलेली वस्तू ताबडतोब फेडणे हे जवळजवळ ती नाकारण्यासारखे असते. आहेराच्या वहीने हा काळ जपला होता. वाढदिवसाच्या परतभेटीने तो काढून टाकला: मूल दारातून भेट घेऊन येते आणि दोन तासांनी त्याच दारातून पिशवी घेऊन बाहेर पडते, हिशेब जागच्या जागी मिटतो. काकूंच्या मते या प्रथेचा खरा दोष खर्चापेक्षा हाच आहे. ती पाहुण्याला ऋणात राहू देत नाही, आणि शेजारधर्म तर एकमेकांच्या छोट्या ऋणांवरच चालतो.

तरुणाला हे पटले असे म्हणवत नाही. सिद्धांत खरा असेल, पण सोमवारी शाळेच्या बसमध्ये मुलीला ‘तुझ्याकडे काहीच मिळालं नाही’ असे कोणी म्हणाले तर त्या वेळी मॉस कामी येणार नाही, असे तो म्हणाला. हा आक्षेप रास्त आहे आणि सिद्धांताच्या आधाराने तो उडवून लावता येत नाही. प्रथा मोडण्याची किंमत प्रथा पाळणाऱ्या मोठ्यांपेक्षा लहान मुलाला अधिक मोजावी लागते. काकूही क्षणभर थांबल्या. मग त्यांनी बोरन्हाणाचा दाखला दिला.

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत लहान मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या ओततात. भोवती जमलेली मुले ते लुटतात आणि लुटलेले घरी नेतात. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हा विधी विलक्षण हुशारीचा आहे. खाऊ, खेळ आणि परतभेट या तीन खर्चांचे त्यात एकच साहित्य होते, आणि कोणाच्या पिशवीत किती पडले हे यजमानाने ठरवलेले नसून ज्याच्या त्याच्या चपळाईने ठरत असल्यामुळे तुलनेचा दंश राहत नाही. पाच वर्षांच्या मुलीचे बोरन्हाण आता होणार नाही, पण त्यातील युक्ती उसनी घेता येते: मुलांनी खेळात जे जिंकले किंवा स्वतः जे केले तेच घरी न्यावे. कागदाची टोपी प्रत्येकाने रंगवावी, मातीच्या छोट्या कुंडीत प्रत्येकाने मेथी किंवा मोहरी पेरावी, लपवलेल्या गोळ्या शोधून पुड्यात भराव्यात. चाळीस रुपयांत होणारी ही वस्तू शंभर रुपयांच्या बाटलीशी ताडून पाहण्याचे मुलांना सुचत नाही.

“म्हणजे परतभेट द्यायचीच, फक्त तसं म्हणायचं नाही,” तरुण म्हणाला.

“तसं समज हवं तर,” काकूंनी उत्तर दिले, आणि या शेऱ्यातील खोच त्यांना कळली नाही असे नाही.

खेळांच्या बाबतीत काकू गृहशास्त्राच्या तासाला असाव्यात तशा बोलू लागल्या. सूत्रसंचालक, जादूगार किंवा उड्या मारण्याचा हवेचा किल्ला भाड्याने आणण्याची गरज नाही, कारण पाच-सहा वर्षांच्या मुलांना खडूची एक रेघ मिळाली तर तळ्यात-मळ्यात वीस मिनिटे चालते, रुमालावर मामाचे पत्र हरवते, आणि लिंबू-चमचा व संगीत खुर्ची यांना जे साहित्य लागते ते घरातच असते. संगीत खुर्चीत बाद झालेली मुले रडतात, म्हणून दर फेरीला बाद झालेल्याकडे गाणे थांबवण्याचे काम द्यावे, ही त्यांची सूचना मात्र अनुभवी शिक्षिकेची आहे. याच ओघात त्यांची दुसरी तक्रार बाहेर पडली. ज्या काळात त्यांनी शिकवले त्या काळात गृहशास्त्राच्या वर्गात मुली समारंभाचे अंदाजपत्रक वहीत मांडत असत आणि मुलगे त्या तासाला मैदानावर असत. तेच मुलगे आज बाप होऊन अंदाज न घेता हॉल ठरवतात. हा रोख समोरच्या तरुणावर होता. त्याने तो निमूटपणे सोसला; तक्रारीत तथ्य होते.

वेळेचा मुद्दा त्या मानाने सरळ आहे. कार्यक्रम दुपारी साडेचार ते साडेसहा असा ठेवावा आणि आमंत्रणात संपण्याची वेळही स्पष्ट लिहावी. ती वेळ दोन जेवणांच्या मधली असल्यामुळे जेवण द्यावे लागत नाही, केवळ खाऊ पुरतो. आणि संपण्याची वेळ ठरलेली असल्यामुळे पालक मुलांना सोडून जातात आणि घ्यायला परत येतात. अनोळखी घरी मूल सोडण्यास कोणी कचरत असल्यास त्या आईला आवर्जून थांबवावे आणि खेळांत मदतीला घ्यावे. खाऊला भेळ सर्वांत परवडते, कारण चुरमुरे वजनाला हलके आणि आकाराला मोठे असतात आणि अर्ध्या किलोतही मोठे पातेले भरते. चिंच-गुळाची चटणी आदल्या दिवशी करून ठेवता येते. भेळ ऐन वेळी कालवावी, तिखट वेगळे ठेवावे आणि पाच वर्षांखालचे भावंड आलेच तर त्याच्या भेळेत अख्खे शेंगदाणे घालू नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. सोबत लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत स्टीलच्या पेल्यांत द्यावे. दहा पेले इमारतीत चार घरे फिरली की जमतात.

आता हिशेब नव्याने मांडला गेला. मुले दहा, हॉल नाही, जागा गच्चीची. संस्थेच्या सचिवांची लेखी परवानगी आणि कठड्याच्या बाजूला दोन मोठी माणसे सतत उभी, या दोन अटींवर. भेळ व सरबत 400, बेकरीचा एक किलो केक 700, मुलांनी करून न्यायच्या वस्तू 400, खेळांची बक्षिसे 200, सजावट 200, अशी बेरीज 1,900 रुपये होते. तिथीच्या दिवशी घरच्या माणसांचे श्रीखंड-पुरीचे जेवण 800 रुपयांत धरले तरी एकूण 2,700 होतात आणि ठरवलेल्या रकमेतील 1,300 रुपये उरतात. उरलेली रक्कम कशात घालावी याचा विचार लगेच करू नये, पाऊस आला आणि गच्चीचा बेत फसला तर ती लागेल, असे काकूंनी सांगितले.

यादी दहावर आणताना ज्यांची नावे कापली, त्यांच्यापैकी दोन घरांनी मुलीला भारी भेटी दिल्या होत्या. त्यांचे काय, हा तरुणाचा प्रश्न पुन्हा तोच होता आणि काकूंचे उत्तर आहेराच्या वहीचेच होते: ती नावे वहीत लिहावीत आणि त्यांच्या मुलांचे वाढदिवस येतील तेव्हा तोलाची भेट घेऊन जावे, ऋण फेडण्याचे ठिकाण त्यांचे घर आहे. तरुणाने नावे लिहून घेतली. मग काही वेळ आकड्यांकडे पाहून त्याने विचारले, की उरलेल्या तेराशेंतून प्रत्येक पुड्यात एकेक छोटे खेळणे घातले तर चालेल का, तीस रुपयांच्या आतले, दहाच मुले आहेत, तीनशेच होतील.

“घाल बाबा,” काकू म्हणाल्या. “फक्त शिट्ट्या आणू नकोस. दहा पोरं गच्चीवरून शिट्ट्या वाजवत जिन्याने उतरली, तर पुढच्या वर्षी गच्चीची परवानगी मिळायची नाही.”